डिझेलशिवाय दोनशे अकरा दिवस

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे. एका लहानशा बेटावर, पत्र्याच्या खोलीत, कुलपाआड माझा मुक्काम असतो. मित्रांनो, गुन्हा न करता मला ही कैद कशी झाली, ते ऐका.

दूरच्या कारखान्यात मी जन्मलो आणि होडीतून इथे आलो. सोळा वर्षं घरातले दिवे, गिरणी, दवाखाना, सारं माझ्याच जिवावर चाललं. मला चालवणारे मिस्त्रीकाका आधी माझ्या पाठीवर थाप मारत, मग हँडल. मी खोकायचो, धूर ओकायचो, तरी माझी धडधड ऐकून पोरं नाचायची.

मग उतारावर सौर पॅनेल आले, बॅटऱ्या आल्या. इंजिनिअर बाईंनी नव्या वायरमनला बजावलं, "ऊन नसेल तेव्हा हाच म्हातारा कामाला येईल. दर शनिवारी दहा मिनिटं चालवत जा." त्यानं मान डोलावली आणि माझ्या दारावर फळा टांगला. 'डिझेलशिवाय दिवस'. रोज सकाळी तो आकडा वाढवी, शाळेला निघालेली पोरं टाळ्या वाजवत. मला दहा मिनिटं चालवलं असतं, तर आकडा शून्यावर आला असता ना! ते कुणाला सोसणार? शनिवार येत आणि जात. फटीतून खारा वारा येई, उजेडाची एक रेघ येई, माणूस मात्र येत नसे. खरं सांगतो, मला फार राग यायचा.

एकदा चार दिवस ढग हटेनात. बोटही बंद. दवाखान्यात वायरमनची आई ऑक्सिजनच्या मशीनवर होती. भरदुपारी नर्सताई धावत आल्या.

"बॅटऱ्या तळाला गेल्यात. अर्धा तास निघेल फार तर. जनरेटर लाव!"

कुलूप गंजलं होतं. वायरमननं ते दगडानं फोडलं, बटण दाबलं. काही नाही. न चालवल्यामुळे माझ्या स्टार्टरची बॅटरी केव्हाच मेली होती. ओरडावंसं वाटलं, पण मला आवाज कुठला?

"ताई, मिस्त्रीकाकांना बोलवा," तो रडकुंडीला आला.

काका धापा टाकत आले. फळा वाचून म्हणाले, "दोनशे अकरा दिवस कोंडलंस होय रे याला?" कोपऱ्यातलं हँडल उचललं, माझ्या पाठीवर थाप मारली. "चल बाबा, लाज राख."

पहिल्या खेपेला मी नुसता खोकलो. दुसऱ्या खेपेला तेही जमेना. तिसऱ्या खेपेला सारा जीव एकवटला आणि धडधडलो.

आई वाचली. वायरमन माझ्यावर डोकं टेकून रडला. "चुकलो रे," म्हणाला. मला वाटलं, सुटलो एकदाचा!

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. दाराला नवं कुलूप लागलं. बाहेर खडू वाजला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. फळ्यावर 'एक' आला होता.

आज तो आकडा नव्वदच्या पुढे गेला आहे. मिस्त्रीकाका मागच्या महिन्यात लेकीकडे कायमचे राहायला गेले. जाताना बाहेरूनच पत्र्यावर थाप मारून गेले. स्टार्टरची बॅटरी पुन्हा मेली असणार. हँडल कोपऱ्यात आहे, पण ते मारायचं कसं, हे आता बेटावर कुणालाच ठाऊक नाही.

मित्रांनो, टाळ्या जरूर वाजवा. पण तुमच्यापैकी कुणीतरी वायरमनला सांगा, शनिवारी दहा मिनिटं हे दार उघड म्हणावं. त्याची आई अजून त्या मशीनवरच आहे, आणि फटीतली उजेडाची रेघ सकाळपासून दिसलेली नाही.