पुंजारामच्या चुलीतला विस्तव

अमरावतीच्या कापूस बाजारामागे भगवंतरावांच्या भाड्याच्या खोल्या होत्या आणि त्यांचा कारभारी होता पुंजाराम. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला, की काय सांगावं! दलाल, हमाल, गाडीवान, सारे खोलीसाठी पुंजारामच्या पाया पडत.

पहाटे त्याच्या दारापुढे खापरं घेऊन ही गर्दी! "कारभारी, विस्तव द्या!" रात्री साऱ्यांच्या चुली विझत, पुंजाराम आपला विस्तव राखेखाली जपून ठेवी. कुणी विस्तवाला आला नाही, की हा जाऊन त्याचं दार ठोठावी. माणूस तापानं पडलाय हे त्याला असंच कळे. दिवसभर करवादायचा, पण सुखाचे दिवस होते बाप्पा ते!

लढाई संपली, भाव कोसळला, खोल्या रिकाम्या झाल्या. अकोल्याला राहणारे मालक भगवंतराव बजावून गेले, "एका तरी भाडेकरूची चूल पेटते तोवर खोल्या ठेवतो. मंग मोडून सागवान अकोल्याले नेतो." पुंजारामला या खोल्यांपलीकडे जगात कुणी नव्हतं.

शेवटी उरली भाजीवाली तानुबाई. तीही लेकीकडे निघाली.

"भाऊ, चूल विझवाले या."

खोली सोडताना कारभाऱ्यासमोर चूल विझवायची, हा त्याचाच नियम. तो पाण्याचा तांब्या घेऊन गेला, पण हात काही पुढे होईना.

"काहून थांबले?"

"राहू दे पेटती, तानुबाई. जाय तू."

शेवटची भाडेकरू जाणार हे आधीच कळल्यानं दुपारी भगवंतराव सुतार घेऊन आले, तर तानुबाईच्या खोलीतून धूर!

"इथं कोन राह्यते?"

"मी, मालक. भाडेकरू."

"अन् कारभारी?"

"तोबी मीच."

भगवंतराव आधी भडकले, मग त्यांना हसू फुटलं. "मोठा वस्ताद हायेस लेका! शब्द देल्ला म्हून जातो. पन भाडेकरूवानी राह्यजो."

रात्री ती चूल विझली. पहाटे पुंजाराम खापर घेऊन स्वतःच्याच दारापुढे उभा राहिला.

"कारभारी, विस्तव द्या!"

आतून कोण बोलणार? तो आत गेला, राख सारली, निखारा खापरात घेतला आणि त्याला रडूच कोसळलं. मग परत जाताना एकेक बंद दार ठोठावत गेला. "उठा रे, विस्तव न्या!"