लवंगेचा वास

लाँड्रीत कपडे निवडायच्या टेबलावर तिची चौदा वर्षं गेली होती. आलेल्या प्रत्येक कपड्याचे खिसे उलटायचे, कॉलर नाकाशी न्यायची, डाग कशाचा ते ओळखून ढीग वेगळा करायचा, हे तिचं काम. कोण कुठे जेवलं, कोण काय प्यायलं, हे तिला माणसाचं तोंडही न बघता कळायचं. ही सवय घराच्या दाराबाहेर ठेवावी म्हटलं तरी जमत नसे.

म्हणून त्या सोमवारी लेकीच्या गणवेशाच्या खिशातून कापसाचा एवढासा बोळा निघाला, तेव्हा तिनं तो आधी हुंगला. लवंगेचं तेल.

लेक नववीत होती. शाळेनं दातांच्या सवयींवर एक प्रश्नावली भरून घेतली होती आणि सगळी उत्तरं अचूक आली म्हणून हिला दंतप्रमुख नेमलं होतं. छातीवर बिल्ला लावून ती खालच्या वर्गांना शिकवायची, ब्रश कसा धरायचा, किती वेळ घासायचं, झोपण्याआधी का घासायचं. घरी आईलाही सोडत नसे. "आई, भांडी घासल्यासारखं काय घासतेस? हिरड्या झिजतील!"

अशा पोरीच्या खिशात लपवलेला बोळा कशाला?

आईनं विचारलं नाही. नजर मात्र ठेवली. मंगळवारी लेकीनं सफरचंद ताटात तसंच सोडलं. बुधवारी पाणी प्यायला मान वाकडी केली. कपाटातलं दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट उघडलं, तर त्यात एकच गोळी शिल्लक.

तिनं शेजारणीजवळ विषय काढला. शेजारीण बोलायला टपलेलीच.

"लवंग? अगं, आमच्या थोरल्यानं सिगारेटचा वास लपवायला वर्षभर लवंगा चघळल्या. मी आपली म्हणतेय, पोराला पचनाचा त्रास आहे."

त्या दिवसापासून लेकीचं दप्तर, ओढणी, केस, काहीच आईच्या नाकातून सुटलं नाही. सिगारेटचा वास कुठेच नव्हता. पण त्यानं संशय कमी होण्याऐवजी वाढलाच. एवढ्या सफाईनं लपवते म्हणजे कार्टी पक्की तयार झालीय!

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं लाँड्रीतून तडक शाळा गाठली. विज्ञानाच्या बाई वह्या तपासत होत्या.

"तुमच्या मुलीबद्दल तक्रार?" बाई हसल्या. "ताई, ती आहे म्हणून आमचा उपक्रम चाललाय. आणि तुम्हीही किती जागरूक! शाळेत दातांची तपासणी व्हायच्या आधीच तिला बाहेर दाखवून आणलंत."

"मी?"

बाईंनी फाईलमधून चिठ्ठी काढली. 'मुलीचे दात खाजगी डॉक्टरांकडे तपासले आहेत, तरी तिला तपासणीतून सूट द्यावी.' खाली सही. तिचीच सही, शेवटच्या फराट्यासकट. फक्त ती तिनं केलेली नव्हती.

"हो, हो," ती पुटपुटली. का, ते तिलाही कळलं नाही. परक्या माणसापुढे लेकीला उघडं पाडायला जीभ रेटेना.

लेक शाळेतून आली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातच उभी होती.

"तोंड उघड."

"काय झालं?"

"उघड म्हणते ना! काय ओढतेस तू? कोणाबरोबर?"

लेक हसायला गेली आणि अर्ध्यातच गाल धरून खाली बसली. आईनं तिची हनुवटी उजेडाकडे वळवली. खालच्या डाव्या दाढेत काळं भगदाड होतं. हिरडी टरारून सुजली होती.

"कधीपासून?"

"दोन महिने."

"दोन महिने! आणि लोकांच्या पोरांना शहाणपण शिकवत होतीस?"

"मला सगळं माहीत आहे गं," लेक रडत म्हणाली. "पण सकाळी घाई असते, रात्री झोप येते. प्रश्नावलीत खरं लिहिलं असतं तर बिल्ला मिळाला असता का? बाकीच्यांनीही निम्मंअर्धं माझंच बघून लिहिलंय, आई. वर्गात कोणीच रात्री घासत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणतेस ना, डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की दाढ हातात घेऊनच घरी यायचं."

हे आई खरंच म्हणायची, आल्यागेल्याला, रंगवून रंगवून. तिच्या स्वतःच्या दोन दाढा तशाच गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कामाला बुट्टी मारून ती लेकीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर तरुण मुलगी होती, त्यामुळे आईचा तिच्यावर आधीच विश्वास नव्हता. प्रत्येक अवजारावर तिची नजर.

"हे कशाला?"

"बघायला."

"आणि हे? काढणार नाही ना दाढ?"

"काकू, वाचतेय ती. कशाला काढू?" डॉक्टर म्हणाली. "रूट कॅनल करू. तीनदा यावं लागेल. पण अजून महिना काढला असतात, तर मात्र काढावीच लागली असती."

सोमवारी लेकीनं आपण होऊन बाईंना सगळं सांगितलं. बाई आधी भडकल्या, मग त्यांनी संपूर्ण वर्गाकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, या वेळी नाव न लिहिता. झोपण्याआधी दात घासतो म्हणणारे चाळीसात सात निघाले. त्या सातांवरही बाईंचा फारसा विश्वास बसला नाही.

तिसऱ्या खेपेला दाढेवर टोपी बसली. दवाखान्यातून दोघी चालत घरी निघाल्या. सिग्नलला थांबल्यावर आईनं सहज विचारल्यासारखं विचारलं,

"माझी सही अगदी हुबेहूब जमलीय. आणखी कुठे कुठे केलीस?"

लेक समोरच्या लाल दिव्याकडे बघत राहिली.

"गणिताच्या पेपरवर," ती म्हणाली. "एकदाच."

"एकदाच?"

दिवा हिरवा झाला, तरी दोघी तिथेच उभ्या होत्या.