दार उघडेपर्यंत

प्रेबेन आणि ग्रेथे यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती, आणि गावाचा बँड त्याआधीच बंद पडला होता. सगळी अडचण तिथून सुरू झाली.

डेन्मार्कात लेमविगच्या पलीकडच्या त्या गावात लग्नाची पन्नाशी गाठलेल्या जोडप्याला झोपेतून उठवायची रीत आहे. आदल्या संध्याकाळी शेजारी येऊन दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधतात, आणि आतलं जोडपं खिडकीशी बसून ते दिसत नसल्याचं दाखवतं. सकाळी सगळे दारात जमतात, बँड वाजू लागतो, आणि नवरा-बायको झोपेच्या कपड्यांत, डोळे चोळत, थक्क होऊन बाहेर येतात. थक्क होता यावं म्हणून ती दोघं पहाटेच उठलेली असतात. कॉफी झालेली असते, खसखशीचे पाव आणून ठेवलेले असतात, कडू दारूचे छोटे पेले पुसून मांडलेले असतात.

पण बँडशिवाय उठवायचं कसं? शेजारची टोवे गावातल्या यच्चयावत कमानींची मुकादम. ते पद तिला कुणी दिलं नव्हतं, पण काढून घ्यायचीही कुणाची छाती नव्हती. तिने सरळ कोपनहेगनला एस्किलला फोन लावला. एस्किल हा प्रेबेन-ग्रेथेचा एकुलता एक मुलगा.

"तू संगीतातच आहेस ना रे?" तिने विचारलं.

एस्किल आयुष्यभर संगीतातच होता. सुरुवात त्याने घरच्या गोठ्यात केली. धारा काढायच्या मशीनचा आवाज, टक् आणि मग फूस, टक् आणि मग फूस, हा त्याने शाळेत असताना टेपवर घेतला, त्याखाली जड ठेका घातला, आणि त्या एका तुकड्यावर जर्मनीतल्या तळघरांपासून स्पेनच्या बेटांपर्यंत लोक घामाघूम होऊन नाचले. पुढे त्याने पुष्कळ काही केलं, पण लोकांना हवं असायचं ते गोठ्यातलंच. जपानमध्ये एका मुलीने तो आवाज दंडावर गोंदवून घेतला होता. आवाज कसा गोंदवतात हे त्याने विचारलं नाही. अलीकडे बोलावणी कमी झाली होती, आणि जी येत त्यांत 'जुन्या आठवणी' हे शब्द हमखास असत.

बापाने मात्र त्याचं काही म्हणता काही ऐकलं नव्हतं. एकदा घराजवळच्या मोठ्या उत्सवात एस्किल एक वायर विसरला, तेव्हा प्रेबेन ती घेऊन गाडी हाकत आला होता. वायर हातात दिली, स्टेजकडे पाहून "मोठं आहे" म्हणाला, आणि धारांची वेळ झाली म्हणून माघारी गेला. पुढे गाई विकल्या, धारा संपल्या, तरी बापाने कधी विचारलं नाही आणि मुलाने कधी ऐकवलं नाही. एस्किलची इच्छा फार मोठी नव्हती. बापाने एकदा ऐकावं आणि "फार वाईट नाही" म्हणावं, एवढीच. त्या भागात "फार वाईट नाही" ही शेवटची पदवी असते, तिच्या वरचं काही कुणाला देत नाहीत.

त्यातून प्रेबेन स्वतः बँडवाला. ट्युबा, म्हणजे बँडमधला सगळ्यात थोरला भोंगा, त्याच्या गळ्यात असे. गावच्या शाळामास्तरांच्या लग्नाच्या पन्नाशीला मास्तरांनी गाणं चालू असतानाच दार उघडून हस्तांदोलनं सुरू केली, म्हणून प्रेबेन त्यांच्याकडचा पाव न खाता घरी आला होता. मास्तर गेले तरी तो राग गेला नव्हता.

एस्किलने होकार दिला. टोवेने एकच नियम बजावला. ती दोघं बाहेर येईपर्यंत वाजवत राहायचं, आधी थांबायचं नाही, वाईट दिसतं.

ठरल्या सकाळी बारीक पाऊस होता. टोवेच्या नवऱ्याच्या ट्रॉलीवर दोन मोठे स्पीकर चढवलेले, वर ताडपत्री. अंगणातल्या खांबावर झेंडा चढवून झाला. सगळं गाव पावसाळी कोट घालून कमानीसमोर उभं राहिलं. एस्किलने सगळ्या वायरी दोनदा तपासल्या. मोठमोठ्या गर्दीपुढेही तो तसं कधी करत नसे. त्याने बटण दाबलं. टक् आणि मग फूस.

दार उघडलं नाही.

लोकांनी आधी माना डोलावल्या, मग पाय हलवले, ते थंडीमुळे. स्वयंपाकघरात दिवा होता, कॉफीचा वास बाहेरपर्यंत येत होता, पडद्याआड सावली हलत होती. दार बंद. एस्किलने आवाज वाढवला. मग कमी केला. ठेका काढून टाकला, परत आणला. गाणं संपत आलं की तो ते मागच्या वळणावर नेई, कारण नियम नियम होता.

टोवे ट्रॉलीजवळ आली. "काहीतरी चाल असलेलं नाहीये का तुझ्याकडे?"

"हीच चाल आहे, टोवे."

"अस्सं," टोवे म्हणाली, आणि परत जाऊन लोकांना काहीतरी सांगितलं. लोकांनी सहानुभूतीने त्याच्याकडे पाहिलं.

एस्किलला कळून चुकलं. बाप आत उभा आहे, जागा आहे, ऐकतो आहे, आणि त्याला हे दार उघडण्याच्या लायकीचं वाटत नाही. त्याचा जीव एवढासा झाला. सगळं सोडून निघून जावंसं वाटलं, पण गाडी ट्रॉलीमागे अडकली होती. एवढ्या देशांतल्या लोकांना त्याने नाचवलं, आणि एका दाराची कडी त्याला काढता येईना. पाऊण तास झाला. एका म्हाताऱ्याला घरी पोचवावं लागलं.

तेवढ्यात मागच्या दाराने ग्रेथे आली. झोपायचा गाऊन, पायात लाकडी खडावा, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. ती तडक ट्रॉलीपाशी गेली.

"अरे, तू किती वेळ वाजवणार आहेस? पाव वाळले माझे."

"तुम्ही बाहेर येईपर्यंत. बाबा दार का उघडत नाहीत?"

"तो केव्हाचा दारामागे उभा आहे, कडीवर हात ठेवून," ग्रेथे म्हणाली. "मी म्हटलं उघड. तर म्हणे, पोरगा वाजवतोय, संपल्याशिवाय कसं उघडायचं."

एस्किलने ठेका बंद केला. टक् आणि फूस तेवढं उरलं, मग तेही हळूहळू विझवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि पावसामुळे ते कुणाला दिसलं नाही याचं त्याला बरं वाटलं.

दार उघडलं. प्रेबेन पट्ट्यापट्ट्यांच्या झोपेच्या कपड्यांत उंबऱ्यावर आला, आणि रीतीप्रमाणे डोळे चोळून थक्क झाला. लोकांनी हुर्रे केलं, मुख्यतः आत जायला मिळणार म्हणून. टोवेने पहिलं हस्तांदोलन केलं आणि सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं की जरा लांबलंच.

"अजून होतं," प्रेबेन म्हणाला. "ग्रेथेने बंद करायला लावलं."

मग तो कमानीखालून, अनवाणी, ओल्या अंगणातून ट्रॉलीपर्यंत गेला. स्पीकरवर हात ठेवून पाहिला. एंजिन गरम झालंय का पाहतात तसा.

"आपल्या गोठ्यातलं मशीन आहे ना हे?"

"हो."

"मला वाटलंच. चांगलं मशीन होतं." त्याने ताडपत्री स्पीकरवर नीट ओढली. "मध्ये एकदा संपलंसं वाटलं. कडी अर्धी काढली होती मी. मग परत सुरू झालं."

"हो. तसं करतात, बाबा."

"पुढे काय आहे?"

आजवर एस्किलला हे कुणी विचारलं नव्हतं. "पुढे तेच आहे," तो खरं ते म्हणाला.

प्रेबेनने मान हलवली. घराकडे गेला, आणि पाहुण्यांमधून वाट काढत स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. पाऊस आत आला, ग्रेथे ओरडली, तरी त्याने ती लावली नाही.

"मग लाव की," खिडकीतून तो म्हणाला. "खाताना ऐकतो."