रीलवालो

लाल रिबन, चार बोटं रुंद.

पत्र्याचे गोल डबे, सायकलच्या कॅरिअरला काथ्याने बांधलेले.

ओंकार: एक लाख ऐंशी हजार फॉलोअर्स, कोरलेली दाढी.

पावभाजी दीडशे जणांची. आलेले चारशे.

आठ वर्षं दुसरीच्या पार्लरात भुवया कोरल्यावर दिपालीने धारगळला हायवेलगत स्वतःचं पार्लर काढलं. उद्घाटनाला ओंकार येणार, हे गावभर सांगून झालेलं. साखळीच्या मंगेशमामाला तिने फोनवर बजावलं, "येताना त्या रीलवाल्याक घेवन ये."

मामाच्या गाडीतून उतरला धाकू. वय एकोणऐंशी, शर्टाला कडक इस्त्री.

"मामा, हो कोण?"

"रीलवालो! साखळेत इंटरव्हल झाली की अर्धो सिनेमा सायकलीर घालून डिचोलीच्या थिएटरात न्हेणारो. अख्ख्या तालुक्यात एकटो."

"मामा, माझी लाज काढलंस!"

"गो, नट कोणी बघितल्लो? बघीत ते धाकूक. डबे दिसले की शिट्ट्ये!"

दिपालीने ओंकारला फोन लावला. तो साखळीच्या स्टँडवर मामाच्या गाडीची वाट बघत सेल्फी देत होता. यायला तास तरी लागणार. इकडे पोरं मोटारसायकलींना किका मारू लागली. बायका पर्स सावरून उठल्या. दिपालीला दिसत होतं: उठत होती ती तिची उद्याची गिऱ्हाइकं.

धाकूने तबकातली कात्री उचलली. रिबन दोन बोटं कापली आणि थांबला.

"इंटरव्हल," तो म्हणाला. "अर्धी वाटेर आसा. सायकलीची चेन पडली."

क्षणभर कोणालाच कळेना. मग मागून एका म्हाताऱ्याने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

"धाक्या, पैशे परत दी!"

"तुजे कसले पैशे? तू फुकट, भिंतीवयल्यान उडी मारून येतालो!"

लोक हसून लोळले. मोबाइल वर झाले. उठलेल्या बायका परत बसल्या, आणि बसल्या जागीच दिपालीने चौघींच्या भुवया केल्या.

ओंकार पोचला तेव्हा धाकूबरोबर सेल्फीला रांग लागलेली, वाट कोणी देईना. "रांगेत ये रे, दाढयेवाल्या!" शेवटी त्यानेच धाकूच्या खांद्यावर हात टाकून रील केली आणि उरलेली दोन बोटं रिबन दोघांनी मिळून कापली. संध्याकाळपर्यंत दिपालीची पंधरवड्याची अपॉइंटमेंटची वही भरली.

मंगेशमामाचं इन्स्टाग्राम खातं २०१९ सालचं आहे. ओंकारच्या प्रत्येक रीलला त्याचं लाईक असतं.