पायांवर उजेड

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. यात मारामारी नाही, कुणी पळून जात नाही, कुणाचं लग्नही मोडत नाही. एका गाडीत दिवे बसवले, एवढीच गोष्ट. टाइप केली, पुसली, परत टाइप केली. पण मंडळी, ही गोष्ट तुमच्या-आमच्या घरातली आहे, म्हणून शेवटी लिहून टाकतोय.

तर, चमक्या. खरं नाव सगळे विसरले. गाड्यांना आतून रंगीत एलईडी बसवायचा त्याचा धंदा. शिकला कुठे? व्हिडिओ बघून, वायरी जाळून आणि घरच्या गाडीवर हात साफ करून. त्यामुळे घरची गाडी म्हणजे चालतं-फिरतं दुकानच. पायांशी निळी पट्टी, दारांना जांभळी, डॅशबोर्डखाली लाल, आणि सगळं रिमोटवर. आई म्हणायची, गाडीत बसलं की माशांच्या काचेच्या पेटीत बसल्यासारखं वाटतं. चमक्याला ती स्तुतीच वाटायची.

त्याची मोठी बहीण, ताई. लहानपणी एक ताप आला नि जाताना तिचे कान घेऊन गेला. पण ओठ वाचण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. समोरच्याच्या तोंडावर उजेड असला की खोलीच्या त्या टोकाची कुजबुजही ती पकडायची. शेजारच्या काकू तर ती दिसली की तोंडापुढे हात धरूनच बोलायच्या. जन्मभर लोकांची तोंडं पाहिली म्हणून की काय, ती कृत्रिम दात घडवायचं काम शिकली. असे घडवायची, की शेजारचा खरा दात खोटा वाटावा.

मोठ्या शहरातल्या एका कार्यशाळेने तिचं काम बघायला तिला बोलावलं. सगळं घर गाडीत बसून गेलं. चमक्या गाडी चालवायला, शेजारी बाबा, मागे ताई, आई आणि चमक्याचा दोस्त उसव्या. उसव्या चमक्याच्याच दुकानाच्या दुसऱ्या अर्ध्यात सीटची कव्हरं शिवतो. एक टाका वाकडा गेला तरी अख्खी शिवण उसवतो, म्हणून उसव्या. माणसांचं बोलणंही तसंच उसवतो, तो भाग वेगळा.

कार्यशाळेच्या बाईंनी ताईने घडवलेला दात उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, राहायची सोय आम्ही करू, तुम्ही कळवा फक्त. ताईचा चेहरा असा फुलला, की चमक्याच्या सगळ्या पट्ट्या फिक्या पडाव्यात.

परतताना अंधारलं. बाबांनी विषय काढला. परकं शहर, मुलीला ऐकू येत नाही, उद्या काही झालं तर कोण धावणार? आई आधी हो-ना करत होती, मग नुसतीच उसासे टाकायला लागली. चमक्यानेही बाबांचीच री ओढली. घर यायच्या आत ठरलं, नाही पाठवायचं.

मधेच ताईने आईचा दंड हलवून विचारलं, काय चाललंय? आईने तिचा हात थोपटला नि खुणेनेच म्हणाली, घरी गेल्यावर. ताईला बरं वाटावं म्हणून चमक्याने रिमोट दाबला. निळ्याचं हिरवं झालं. ताई खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी चपला काढता काढता बाबांनी सांगून टाकलं, ते कामाचं आपल्याला जमणार नाही.

"कधी ठरलं?" ताईने विचारलं.

"गाडीत," चमक्या म्हणाला.

"मी गाडीतच होते," ताई म्हणाली, आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुकानात उसव्याने सुई बाजूला ठेवली. चमक्याने ओळखलं, आता आपली शिवण निघणार.

"गाडीत एवढे दिवे कशाला लावलेस?"

"दिसायला."

"काय दिसायला? पाय? लेका, पायांवर उजेड नि तोंडावर अंधार! तिला काय, तुमच्या चपला वाचता येतात?"

चमक्याने तोंड उघडलं. बाबा मोठे आहेत, आम्हाला तिची काळजी आहे, तुला काय कळतंय वगैरे. उसव्याने सगळं ऐकून घेतलं, आणि मग एकेक धागा ओढला. काळजी करा, कोण नको म्हणतंय. पण ज्याची काळजी करायची त्यालाच बोलण्यातून वगळायचं, ही कुठली काळजी? ती हाताच्या अंतरावर बसली होती, आणि तुम्ही तिच्या पाठीमागे ठरवलंत. घरी सांगतो, नंतर सांगतो, काही विशेष नाही, हेच ऐकवत आलात तिला. आणि हे बोलता बोलता तो स्वतःवरच येऊन थांबला. "मीही तिच्या शेजारीच होतो की. गप्प बसलो."

चमक्याने त्याच दुपारी पट्ट्या उपटल्या. जांभळी, लाल, सगळ्या. आणि हुशारी करून छताला एक भला मोठा पांढरा दिवा ठोकला. संध्याकाळी मोठ्या अभिमानाने ताईला आणून बसवलं. पुढची काच आरसाच झाली, रस्त्याऐवजी चमक्याला स्वतःचंच थोबाड दिसायला लागलं. आणि ताई म्हणाली, "वरून उजेड पडला की नाकाची सावली ओठांवर येते. तू भूत दिसतोयस."

मग कामाची सूत्रं तिनेच हातात घेतली. ती मागे बसायची, उसव्या पुढे बसून बडबडायचा, चमक्या पट्टी धरून सरकवायचा. वर, खाली, अजून खाली. पांढरा नको, डोळ्यांना टोचतो, पिवळसर लाव. शेवटी पुढच्या सीटच्या पाठीला पट्ट्या बसल्या, मागे बसणाऱ्यांच्या तोंडावर येतील अशा. पुढच्या माणसासाठी समोर खाली एक मंद पट्टी, काचेवर उजेड जाणार नाही अशा आडोशाला. आणि पुढे बसणाऱ्याचं तोंड मागून दिसावं म्हणून एक छोटा आरसा. उसव्या मुद्दाम हळू पुटपुटला, चमक्याची दाढी बोकडासारखी आहे. ताई मागून म्हणाली, "बोकडाला चांगली दिसते." तिघंही पोट धरून हसले.

नकार फोनवर कळवणं बाबांना पटेना. त्या बाईंनी मान दिला होता, तोंडावर जाऊन सांगू म्हणाले. पुन्हा सगळे निघाले. वाटेतच दिवस मावळला आणि चमक्याने बटण दाबलं. बाबा म्हणाले, हे काय, आज एकच रंग? मग नेहमीसारखे पुढे बघत आईला सांगायला लागले, "बाईंना काय सांगायचं, की मुलीची तयारी नाही..."

"माझी तयारी आहे," मागून आवाज आला.

चमक्याने गाडीचा वेग कमी केला.

"बाबा, मिशीतून जेवढं दिसलं, तेवढं पुरे झालं. माझ्याबद्दल बोलताय ना? मग माझ्याशी बोला."

बाबा सीटवर अख्खे मागे वळले. रस्त्यावर हॉर्न ऐकू येणार नाही, ते म्हणाले. इथल्या रस्त्यावर तरी कुठे येतो, ताई म्हणाली, मी डोळ्यांनी चालते. दार वाजलं तर? दिवा लागेल असं बटण बसवून घेईन, भाऊ कशाला आहे? आजारी पडलीस तर? मेसेज करीन, तुम्ही या. एकेका प्रश्नाला उत्तर होतं. कारण प्रश्न तिने कितीतरी आधीच स्वतःला विचारले होते, तिला कुणी विचारले नव्हते एवढंच. मग ती म्हणाली, "तुम्ही मला जपता, बाबा. पण विचारत नाही."

आईनेच पक्ष बदलला. म्हणाली, "अहो, इतकी वर्षं आपणच बहिरे होतो." त्यानंतर कार्यशाळा येईपर्यंत गाडीत जे भांडण झालं, ते त्या घरातलं सगळ्यात गोड भांडण. सगळे एकदम बोलत होते. ताई ओरडत होती, एकेकाने बोला, मला दोनच डोळे आहेत!

बाईंनी विचारलं, काय ठरलं?

बाबांनी घसा साफ केला. "तिलाच विचारा."

आणि ताईने असं "येते" म्हटलं, की आतल्या टेबलावर काम करणाऱ्यांनीही माना वर केल्या. दुसऱ्या सकाळी बाबांनी ओठांवर आलेली मिशी कातरली. ताईने फक्त बोट उंचावून डावी बाजू अजून जराशी, असं दाखवलं.

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या घरात असं एक माणूस असतं, ज्याला आपण "नंतर सांगतो" म्हणतो. कुणाला ऐकू कमी येतं, कुणी म्हातारं असतं, कुणी नुसतंच गरीब स्वभावाचं. त्याचा निर्णय त्याच्यासमोर होतो आणि त्याला पत्ता नसतो. प्रेम असलं म्हणून हा अन्याय धुतला जात नाही. उजेड करायचा तर आधी तोंडावर करा, आणि विचारा.

ताईला शहरातल्या तिच्या खोलीत सोडून परतताना चमक्या आणि उसव्या दोघंच होते. चमक्याने गाडी कडेला घेतली आणि हात पुढे केला. "ऐक. आता गाडी कुणाचीही येवो. कुठला रंग पाहिजे, हे नंतर. आधी विचारेन, मागे कोण बसतं? शब्द देतो तुला."

उसव्याने तो हात घट्ट धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.