कौसाबाईंचा शेवट

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात बुवापाड्यातल्या त्या चाळीत रविवारची दुपार सुनेत्राच्या आवाजाची असायची. नवरा आनंदनगरच्या कारखान्यात पाळीवर गेलेला. सकाळी उन्हं चढायच्या आत तिच्या सासूबाई कौसाबाई गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्यातून कुरडया पाडून मोकळ्या व्हायच्या. मग कावळ्यांवर नजर ठेवायला शेजारच्या चार-पाच बायका ओट्याच्या सावलीला टेकायच्या. मधे करवंदांची पाटी, पन्ह्याचं पातेलं, आणि सुनेत्राच्या मांडीवर वाचनालयातून आणलेली कादंबरी.

तीन रविवार एकच गोष्ट चालली होती. सुमन नावाच्या बाईचा नवरा घर सोडून जातो. ती शिवणाचं मशीन घेते, दुकान थाटते, पोरी शिकवते. बारा वर्षांनी एका संध्याकाळी नवरा दारात उभा राहतो.

सुनेत्राने पान उलटलं आणि थबकली. पुढे नुसता पुठ्ठा होता. शेवटची दहा-बारा पानं कुणी फाडून नेली होती.

"मेला कोण तो पानचोर!" शेजारची चांगुणा करवादली. "आता आठवडाभर जिवाला घोर!"

"घोर कसला त्यात?" कौसाबाई करवंदाचा चीक पदराला पुसत म्हणाल्या. "पुढचं मी सांगते की."

सगळ्या हसल्या. कौसाबाईंना सही करायलाही अंगठाच लागायचा.

"ती त्याला आधी जेवायला वाढेल," त्या म्हणाल्या. "उपाशी माणसाशी भांडू नये. तो हात धुऊन खाटेवर बसायला जाईल, तेव्हा ती म्हणेल, ती खाट पोरींची आहे. पाहुण्यासाठी चटई टाकलीय. आणि सकाळी नेहमीसारखी दुकान उघडायला जाईल. रडणार नाही. रडायचं तिचं कधीच उरकलंय. त्याला राहायचं तर राहू दे, पण कुलपाची किल्ली तिच्या कमरेला."

सुनेत्रा बघतच राहिली. बारावीपर्यंत शिकलेल्या तिला सुमन आवडली होती. पण सुमनच्या घरात खाटा किती आणि चटई कुठली, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

सोमवारी तिने वाचनालयाच्या कमळाकरभाऊंना गाठलं. त्यांनी कपाट उपसून दुसरी प्रत काढून दिली. पुढच्या रविवारी तिने खरा शेवट वाचला. सुमन नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते, मशीन विकून टाकते आणि संसार पुन्हा फुलतो.

वाचून झालं तशी चांगुणाने मान झटकली.

"हे काही खरं नाही," ती म्हणाली. "कौसाबाईंचंच खरं."

"अगं, छापलंय ते," कौसाबाई संकोचल्या. "लिहिणारा शिकलेला माणूस."

"शिकलेला असेल, पण सुमनला तुम्हीच ओळखलंत, आई," सुनेत्रा म्हणाली. ते नुसतं सुनेचं गोड बोलणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामं आटोपल्यावर तिने वहीचा कागद घेतला आणि सासूने सांगितलेला शेवट आठवेल तसा उतरवला. संध्याकाळी, कौसाबाई वाळलेल्या कुरडया डब्यात भरत असताना तिने तो मोठ्याने वाचून दाखवला. आपलेच शब्द कागदावरून येताना ऐकून कौसाबाईंचा हात डब्यात तसाच राहिला. पोरीबाळींसारख्या लाजल्या. मग कपाळाला आठी पडली.

"जेवायला वाढलं म्हणून लिहिलंस. काय वाढलं ते कुठाय?"

"काय वाढलं असेल?"

"उन्हाळा आहे ना? घरात भाजी कुठली! सुक्या बोंबलाचं कालवण, त्यात दोन फोडी कैरीच्या. भाकरी. आणि ताटाच्या कडेला एक तळलेली कुरडई." त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "एकच लिही. पोरींना पुरायला हव्यात."

सुनेत्राने पेनाचं टोपण काढलं आणि त्या सांगतील तसं लिहू लागली.