घासणारं दार

दार घासत नव्हतं. मिस्त्रींना हे पक्कं ठाऊक होतं, कारण ते त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं आणि त्यांनी केलेलं दार घासत नसे. तरी त्या सकाळी ते म्हणाले, "घासतंय हे. रंधा मारायला हवा." बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार डोक्यावर घेतलं आणि जिना उतरून गेले. आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली तायडी रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली.

आधी हे कुटुंब बैठ्या घरांच्या रांगेत एका खोलीत राहायचं: मिस्त्री, बायको, एकुलती एक तायडी आणि मिस्त्रींची थोरली बहीण अक्का. मग ती रांग पाडून सरकारने तिथेच उंच इमारत बांधली आणि चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, घरातला नळ आणि स्वतःचा संडास असं सगळं त्यांच्या पदरात पडलं. आतल्या खोलीला चौकट होती, दार नव्हतं. जन्मभर लोकांच्या घरांना दारं बसवली, पण मिस्त्रींच्या स्वतःच्या घरात आतलं असं दार कधी नव्हतंच. त्यांनी हौसेने चांगलं लाकूड आणलं, दार केलं आणि शेजाऱ्यांना बोलावून उघडमिट करून दाखवलं.

तोवर सगळं ठीक होतं. मग तायडीने ते आतून लावून घेतलं आणि मिस्त्रींच्या पायाला भिंगरी लागली.

जुन्या खोलीत कोण जागं आहे, कोण रुसलंय, कुणाला कणकण आहे, हे न विचारता कळे. आता पोरगी हातभर अंतरावर असून परगावी गेल्यासारखी वाटे. ते कधी पेचकस शोधायला आत शिरत, कधी पंखा कुरकुरतोय का ते बघायला. एकदा पाणी हवंय का म्हणून विचारायला गेले, तर तिच्या पुढ्यात भरलेला तांब्या.

"काय हवंय बाबा?"

"काही नाही. असंच."

त्यात तिने दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्याच्या अभ्यासक्रमाला अर्ज केला होता. तीन वर्षं, दुसऱ्या शहरात, वसतिगृहात. दाराआड ती जायचीच तयारी करत होती, आणि ते दार आपणच करून दिलं, हे त्यांच्या जिवाला लागलं होतं.

दार मिस्त्रींच्या दुकानाच्या भिंतीला टेकून उभं राहिलं. गिऱ्हाइकांची कपाटं झाली, खिडक्या झाल्या, त्याला मात्र मुहूर्त लागेना. तायडी पुस्तकं घेऊन जिन्यात बसू लागली आणि येणारे-जाणारे तिला ओलांडून जाऊ लागले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको शिलाई मशीन चालवता चालवता म्हणाली. "उगाच दाराला कशाला नावं ठेवता?"

निदान अक्का तरी आपल्या बाजूची, असं मिस्त्रींना वाटत होतं. दाराआड एवढं काय शिजतंय, असं तीही पुटपुटायचीच. पण मुलाखतीच्या दिवशी तीच अक्का दुखऱ्या गुडघ्यांनी चालत दुकानात आली.

"दुपारी पोरीची मुलाखत आहे, फोनवर तोंड दाखवून बोलायची. दार कुठंय?"

"करतो की. घासतंय ते."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस. तुला कडेवर खेळवलंय मी." अक्का फळ्यांच्या ढिगावर टेकली. "मी शाळेत पहिली यायचे, ठाऊक आहे ना?"

"आई सांगायची."

"शेवटच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात पाहुणे उतरले. मी पुस्तक घेऊन नळापाशी जाऊन बसले, तर तिथं भांडण जुंपलं. नापास झाले. शिकू नको असं मला कुणी म्हटलं नाही रे. बसायला जागा नव्हती, एवढंच." ती गुडघ्यावर हात देऊन उठली. "आता जागा झालीय, तर तू दार उचलून आणलंस."

मिस्त्रींना हे झोंबलं. खरं तर तसंच दार उचलून घर गाठायचं, पण चोराच्या मनात चांदणं. रंधा न मारता नेलं तर बायको एका नजरेत ओळखील, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी रंधा घेतला. राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं, आणि हात चालतच राहिला. भानावर आले तेव्हा पायाशी भुशाचा आणि सालांचा ढीग पडला होता.

लिफ्टमध्ये दार मावेना. चार जिने चढताना एका शेजाऱ्याने विचारलंच, "काय मिस्त्री, दाराला फिरवून आणलं वाटतं?"

वर तायडी केस विंचरून तयार होती. फोन तांब्याला टेकवून ठेवला होता. मिस्त्रींनी घाईघाईने बिजागऱ्या बसवल्या आणि दार ओढलं. ते हळूच आत उघडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा उघडलं. इतकं तासलं होतं की कुलपाची जीभ चौकटीपर्यंत पोचेना. कागदाची घडी अडकवली, ती वाऱ्याने निसटली. पाचर मारायची तर ठोकाठोक आली. आतून खुर्ची लावावी, तर घरात खुर्ची एकच आणि तिच्यावर तायडी बसलेली. शेजारच्या घरात भिंतीला भोकं पाडायचं काम सुरू होतं, त्याचा आवाज बाहेरच्या खोलीत भरून राहिला होता. तेवढ्यात फोन वाजला.

बायकोने मशीन थांबवलं. अक्काने टीव्ही बंद केला. मिस्त्रींनी बाहेरून दाराची मूठ धरली, दार आपल्याकडे ओढलं आणि तसंच धरून ठेवलं.

ज्या माणसाला हे दार लागलेलं बघवत नव्हतं, तोच ते लावून धरून उभा होता. पायाला मुंग्या आल्या, नाकावर घाम आला, पुसायची सोय नाही. बायकोने मधे हात द्यायला बघितलं, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. फटीतून पोरीचं बोलणं तुटक ऐकू येत होतं, त्यातलं निम्मं त्यांना कळत नव्हतं. हा ठाम आवाज तिने कुठून आणला? जुन्या खोलीत तर कधी ऐकला नव्हता.

मग एक प्रश्न स्पष्ट ऐकू आला. "तीन वर्षं बाहेर राहावं लागेल. घरून कुणाची हरकत?"

मिस्त्रींचा जीव कानात गोळा झाला.

"नाही," तायडी म्हणाली. "मला अभ्यास करता यावा म्हणून बाबांनी स्वतः दार करून दिलंय."

अक्काने भावाकडे पाहिलं. मिस्त्री खाली बघत राहिले. त्यांना तिथून निघून जावंसं वाटलं, पण मूठ सोडता येत नव्हती.

थोड्या वेळाने आतला आवाज थांबला. खुर्ची सरकली. दार आतून ओढलं गेलं आणि मिस्त्रींनी सवयीने ते आणखी घट्ट धरलं.

"बाबा," तायडी आतून म्हणाली, "झालं. सोडा आता."

त्यांची बोटं आखडली होती. एकेक करत ती मोकळी करायला त्यांना जरा वेळ लागला.